मधली मोकळी जागा

हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस बेट आहे. ॲबटचा बूबी हा समुद्रपक्षी आज जगात फक्त तिथेच घरटी करतो. पोट समुद्रावर, पण घरटं जंगलातल्या उंचच उंच झाडांच्या माथ्यावर. अंडं एकच. पिल्लू उडायला लागलं तरी आईबाप कित्येक महिने त्याला घरट्यावर येऊन भरवतात. म्हणून पिल्लू वाढवलेली जोडी साधारण दोन वर्षांनीच पुन्हा अंडं घालते.

खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेटच्या खाणींनी या बेटावरचं जंगल जागोजागी साफ केलं. घरट्यांची झाडं गेली, ते नुकसान डोळ्यांना दिसतं. मला जास्त चटका लावतं ते त्यानंतरचं. सलग जंगलावरून वारा माथ्यामाथ्यांनी निघून जातो. मध्ये उघडी जागा पडली की तोच वारा तिथे खाली उतरतो, घुसळतो आणि पलीकडच्या, कुऱ्हाडही न लागलेल्या झाडांना हिसके देतो. हिंदकळणाऱ्या फांदीवरून पिल्लू खाली येतं. लांब, अरुंद पंखांच्या या पक्ष्याला दाट रानातल्या जमिनीवरून उडता येत नाही, आणि आईबाप भरवतात ते वर घरट्यावर. खाली पडलेलं पिल्लू उपाशी मरतं.

मोकळ्या जागेचा फटका ऑस्ट्रेलियातल्या कोआलालाही बसतो. तो निलगिरीच्या पानांवर जगतो. त्या पानांत कस कमी, विष जास्त. पचवण्यात सगळी शक्ती जाते, म्हणून तो दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. झाडावर तो निर्धास्त असतो. पण वस्त्या आणि रस्त्यांनी झाडं एकमेकांपासून लांब गेली, की दुसऱ्या झाडासाठी त्याला जमिनीवरून बरंच चालावं लागतं. तिथे कुत्री आणि मोटारी. रोगराई आहे, 2019-20 चे वणवे होऊन गेले. 2022 मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातला कोआला सरकारी यादीत ‘संकटग्रस्त’ ठरला.

एकाला जमिनीवरून उठता येत नाही, दुसऱ्याला जमिनीवर उतरणं महागात पडतं. दोघांनाही मारते ती उभ्या राहिलेल्या झाडांमधली मोकळी जागा. तोडलेल्या झाडांच्या आकड्यात ती कधीच येत नाही, आणि वाचलेली झाडं मोजून आपण समाधान मानतो, हे मला फार खुपतं.

ख्रिसमस बेटावर जुन्या खाणींच्या जागी आता पुन्हा जंगल लावलं जातंय. घरट्याजोगी उंची यायला त्या रोपांना कित्येक दशकं लागतील, पण वारा अडवायला तेवढी उंची लागत नाही. म्हणूनच घरट्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूची उघडी जागा आधी भरून काढायला हवी.