पोपटीवाला

थंडी पडली की वरसे गावच्या शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही.

समजा, गावातल्या एका मुलाने याचं रील टाकलं आणि ते लाखभर लोकांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्याने आजीचा आवाज टाकला. आजी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. ते पाहिलं दोनशे जणांनी. आता तिसऱ्यांदा तो काय टाकेल?

या आकड्यांमागची रीत साधी आहे. रील आधी थोड्या लोकांपुढे ठेवलं जातं. कोण किती सेकंद थांबलं, कुणी पुन्हा पाहिलं, कुणी मित्राला धाडलं, यावर ते पुढे किती जणांना दाखवायचं हे ठरतं. पूर्वी इन्स्टाग्रामवर जे शेवटी टाकलं ते आधी दिसे. २०१६ साली हा क्रम लावण्याचं काम अल्गोरिदमकडे गेलं.

धवले गाऊ नकोस, असं त्या मुलाला कुणी म्हटलं नाही. मनाई झाली असती तर त्याला भांडता आलं असतं. इथे फक्त दाखवलं गेलं नाही, आणि तेही त्याला कुणी कळवलं नाही. मग त्याला वाटतं, आजीच्या गाण्यातच काही कमी असेल. तो धवले सोडतो. शेंगांचा हंगाम सरला तरी मडकं मांडत राहतो. लोक त्याला पोपटीवाला म्हणू लागतात, आणि हळूहळू तोही स्वतःला तेच म्हणतो. त्याची ओळख कुणी हिसकावली नाही. त्याच्यात चार माणसं होती. एकाला टाळ्या मिळाल्या, आणि बाकीच्या तिघांना त्याने स्वतःच घराबाहेर काढलं.

काय दाखवायचं, ही निवड कधी माणसांनीच लिहून ठेवलेली असते. मार्च २०२० मध्ये ‘द इंटरसेप्ट’ने टिकटॉकच्या अंतर्गत सूचना उघड केल्या. भिंतीला तडे गेलेलं घर, झोपडपट्टी, गावातलं शेत मागे दिसत असेल, तर तो व्हिडिओ नव्या लोकांपुढे नेऊ नये, असं त्यात होतं. गावाकडच्या सुंदर निसर्गाला मात्र सूट होती. यातल्या बहुतेक सूचना आता वापरात नाहीत, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पण कोकणातल्या माणसाने ती सूट विसरू नये: आमचा धबधबा चालतो, आमची भिंत चालत नाही.

वरसेच्या शेजारी रोह्यात दसऱ्याच्या उत्सवात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस मानवंदना देतात आणि पालखी आळीआळीतून फिरते. तडे गेलेल्या भिंतीचं दारही तिच्या वाटेवर असतं. गेल्या वर्षी या दाराशी किती माणसं थांबली होती, हे पाहून पालखी आपली वाट ठरवत नाही.

म्हणून त्या मुलाला माझं एवढंच सांगणं आहे: आकडा दोनशेचा असला तरी आजीचे धवले टाकत राहा. दोनशे माणसं म्हणजे लग्नाचा भरलेला मांडव असतो.