ओबचे पाणी

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी समुद्रात वाया जाते, हे वाक्य पावसाळा आला की हमखास कानावर पडते आणि मला सैबेरियातली ओब आठवते. (कृष्णेच्या खोऱ्यातले कोयनेचे पाणी विजेसाठी घाटाखाली सोडायचे, ते वाशिष्ठीतून समुद्राला जाऊ द्यायचे आणि वर कोकणच्या पाण्याबद्दल हळहळायचे, ही आपली खास गंमत.) सोव्हिएत नियोजकांनी हे वाक्य फारच मनावर घेतले होते. ओब आणि तिची उपनदी इर्तिश यांचे पाणी आर्क्टिकला कशाला द्यायचे? कालव्याने मध्य आशियाच्या कापसाला द्यावे! १९८६ मध्ये ही योजना गुंडाळली गेली.

ओब आल्ताय पर्वतातून येते वगैरे नकाशात सापडेल. नकाशात सापडत नाही ते खोरे. नदी ही निळी रेघ, ती कागदावर हवी तशी वळवता येते. ओबचे खोरे मात्र सुमारे ३० लाख चौरस किलोमीटरचे, जवळजवळ भारताएवढे, आणि बराचसा भाग इतका सपाट की पाण्याला निघायची घाईच नाही. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. मग पाणी अडते, काठच्या सखल कुरणांत पसरते, आणि तिथे मुक्सुनसारखे मासे चरून पोसतात.

इथे ‘निसर्गाचा हिशेब चोख’ असे लिहून मोकळे होणार होतो, पण हिवाळा आडवा येतो. बर्फाच्या झाकणाखाली दलदलींचे लोहयुक्त पाणी नदीत झिरपत राहते आणि प्राणवायू संपत जातो. याला तिथे ‘झामोर’ म्हणतात. मासे ओबच्या आखाताकडे पळतात, नाहीतर काठाशी एखादा जिवंत झरा फुटत असेल तिथे दाटी करतात. उरलेले गुदमरून मरतात. एखाद्या अभियंत्याने हे केले असते तर त्याला आपण फाडून खाल्ले असते.

तेव्हा निसर्गाची साक्ष काढून नियोजकाला हरवता येत नाही. अरल समुद्र आटत होता, हेही त्याचे खरेच. पण अरलला पोसणाऱ्या अमुदर्या नदीचे पाणी अस्तर नसलेल्या काराकुम कालव्यातून वाळूत मुरत असताना ओबकडे हात पसरणे म्हणजे गळकी बादली घेऊन शेजारच्या विहिरीवर जाणे. माझा आक्षेप आता एवढाच उरतो. बाकी खोऱ्याची सीमा काही देवाने आखलेली नाही. कझाकस्तानने इर्तिशचे पाणी उपसून कारागांडाच्या खाणी-कारखान्यांना नेले, चीनने वरच्या अंगाला ते कारामाईच्या तेलनगरीकडे वळवले, आणि मला त्यात पाप दिसत नाही. त्यांच्या खाली, रशियातल्या ओम्स्कला मात्र इर्तिशची पातळी टिकवायला बंधारा बांधायला घ्यावा लागला.