कुशल आणि विशेष

गेली सात वर्षे आम्हा नऊ जणांचा एक परिपाठ अखंड चालू आहे. दिवेलागण होऊन घरोघरची जेवणे उरकली, की आम्ही मोबाइलवर एकमेकांस चार ओळी लिहितो. यांपैकी चौघांचे मुखदर्शनही मला अद्याप घडलेले नाही. एक गृहस्थ बेळगावचे, एक इंदूरचे, दोघी बहिणी म्हापशाच्या, आणि एक बाई तर समुद्रापार न्यू जर्सीत राहणाऱ्या, ज्यांची सकाळ आमच्या रात्रीस येऊन मिळते. आमची गाठ पडली ती जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या ओढीने. अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटी रागातील आपली ठुमरी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत कशी सामावली असेल, हा आमच्या बोलण्याचा आरंभीचा विषय. परंतु संगीताच्या पाठोपाठ हळूहळू सारा संसारच आत आला, आणि आता रागचर्चेच्या जोडीने नातवाचा पहिला दात, सुनेची बदली, गुडघ्याचे दुखणे, कोकमांचा यंदाचा भाव, थोरल्या नणंदेचे रुसणे असा सगळा मजकूर तेथे रुजू होत असतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, दर सोमवारी मौन पाळतात. हे व्रत त्यांनी ऐन तारुण्यात घेतले आणि आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यात खंड पडू दिलेला नाही. त्यांनी एके दिवशी मला विचारले, "वाणी ही देवाने सोपवलेली ठेव आहे. तिचा हिशेब कधीतरी द्यावा लागेल. तुझ्या या रोजच्या गप्पांपैकी जमेच्या बाजूस एक तरी रक्कम पडते का?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, त्यात माझ्याविषयीची काळजी होती, आणि म्हणूनच तो मला टाळता आला नाही. गेले वर्षभर जे जे वाचले, जे जे आठवले, ते मी या प्रश्नाच्या उजेडात तपासून पाहत आलो आहे.

दादांची बाजू भक्कम आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे, त्यात कोणाच्या मनाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे व स्वाध्यायाचा अभ्यास यांचा समावेश आहे. नातवाच्या दाताला त्यात जागा कोठे शोधावी? बौद्ध वाङ्मयाकडे वळले तर दादांचा दावा अधिकच बळकट होतो. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींमुळे हे वाङ्मय मराठी वाचकाच्या आटोक्यात आले. त्यात वाणीची चार पापे मोजली आहेत: असत्य, चहाडी, कठोर भाषण आणि चौथा 'सम्फप्पलाप', म्हणजे व्यर्थ प्रलाप. खोटे बोलण्याच्या पंक्तीला निरर्थक बोलणे बसवावे, इतका हा दोष गंभीर मानला गेला आहे.

दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्ताच्या प्रारंभी श्रावस्तीच्या मल्लिकाराणीच्या उद्यानाचा देखावा आहे. पोट्ठपाद नावाचा परिव्राजक आपल्या मोठ्या समुदायासह तेथे बसला आहे आणि त्या समुदायात प्रचंड कोलाहल माजला आहे. कोणत्या विषयांवर बोलणे चालले होते त्याची यादीच सुत्तकार देतो: राजे, चोर, मंत्री, सैन्य, युद्ध, अन्न, पान, वस्त्र, शय्या, माळा, सुगंध, नातलग, वाहने, गावे, नगरे, गल्लीतल्या गोष्टी, पाणवठ्यावरच्या गोष्टी, मेलेल्या माणसांच्या गोष्टी. या सर्वांना एकच नाव दिले आहे, 'तिरच्छानकथा', म्हणजे पशूंना शोभणारी कथा. बुद्ध दुरून येताना दिसताच पोट्ठपाद आपल्या मंडळींना गप्प करतो, कारण त्या श्रमणाला शांतता प्रिय आहे हे त्याला ठाऊक असते. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला आमच्या नऊ जणांच्या सात वर्षांच्या दफ्तराची जणू अनुक्रमणिकाच हाती आल्यासारखे झाले, आणि त्या रात्री मी कोणाला काही लिहिले नाही.

परंतु तेच वाङ्मय पुढे वाचत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सुत्तामागून सुत्तात, कोणी ब्राह्मण, कोणी राजा, कोणी परमताचा वादी बुद्धाच्या भेटीला येतो, तेव्हा तो थेट तत्त्वचर्चेला हात घालीत नाही. आधी दोघांमध्ये 'सम्मोदनीय' आणि 'सारणीय' कथा होते, म्हणजे परस्परांना आनंद देणारे व स्मरणात राहावे असे कुशलप्रश्नांचे भाषण होते, आणि ते आटोपल्यावरच आलेला मनुष्य एका बाजूस बसून आपली शंका काढतो. खुद्द बुद्धही दूरच्या प्रवासाहून आलेल्या भिक्षूला पहिल्याने विचारतो ते असे की, बाबा, प्रकृतीला सोसते ना, निर्वाह चालला आहे ना, वाटेत फार शीण तर झाला नाही ना, भिक्षेची आबाळ तर झाली नाही ना. अन्न, प्रवास आणि देह हेच या प्रश्नांचे विषय आहेत. यादीत निषिद्ध ठरलेले विषय येथे करुणेच्या मुखातून येतात.

याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. मज्झिमनिकायात गोसिंग शालवनात एकत्र राहणाऱ्या अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्षूंची हकीकत आहे. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते तिघे राहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडून पिण्याचे व पाय धुण्याचे पाणी भरून ठेवी. जो मागाहून येई तो आवरासावर करी. घडा रिकामा दिसला आणि एकट्याने उचलवेना, तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावून दोघे मिळून तो भरीत, पण त्यासाठी तोंडातून शब्द काढीत नसत. बुद्ध त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा करतो. आता विनयपिटकातील महावग्गाची कथा पाहावी. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावासाचे तीन महिने अगदी याच रीतीने काढले: तीच आसने, तोच घडा, त्याच हाताच्या खुणा आणि तेच मौन. वर्षाकाळ संपल्यावर ते श्रावस्तीस येऊन आम्ही सुखाने राहिलो असे सांगू लागले, तेव्हा बुद्धाने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तुम्ही पशूंसारखे राहिलात, मेंढरांसारखे राहिलात, असे त्यांना सांगून मूकव्रताला त्याने बंदी केली, आणि वर्षावासाच्या अखेरीस एकमेकांस आपले दोष सांगण्याची विनंती करण्याचा 'पवारणा' विधी घालून दिला.

आचरण एकच, मग एकास स्तुती आणि दुसऱ्यास ताडन का? याचे उत्तर ग्रंथातच एका छोट्या तपशिलात आहे असे मला वाटते. शालवनातील तिघे दर पाचव्या रात्री एकत्र बसून रात्रभर धर्मावर बोलत. कोसलातील भिक्षूंनी मात्र भांडण होऊ नये म्हणून बोलणेच वर्ज्य केले होते. पहिल्यांचे मौन बोलण्यातून उगवलेले होते. दुसऱ्यांचे मौन एकमेकांच्या भीतीतून आलेले होते. व्यर्थ बडबडीला ज्याने पशूंची उपमा दिली, त्यानेच अबोल्यालाही पशूंचीच उपमा दिली, ही गोष्ट मौनाचे स्तोत्र गाणाऱ्यांनी विसरू नये.

आणि मला त्या घड्याविषयी सांगायचे आहे. शालवनातील भिक्षूंना शब्दांवाचून चालत होते, कारण प्रेम व्यक्त करायला त्यांच्यापाशी घडा होता, आसन होते, पाय धुण्याचे पाणी होते. जवळ राहणाऱ्या माणसाचे मौन बोलके असते. तो शेजारी बसलेला दिसतो, त्याच्या श्वासाची चाहूल लागते, त्याने सारून ठेवलेला तांब्या हाती येतो. दूरच्या माणसाचे मौन आणि त्याचे नसणे यांत काहीच भेद करता येत नाही. बेळगावच्या मित्राकरिता मी घडा भरून ठेवू शकत नाही. न्यू जर्सीतल्या बाईंच्या दारात बर्फ साचला तर मी फावडे घेऊन जाऊ शकत नाही. म्हणून "आज जेवणात काय केलेत?" एवढाच प्रश्न माझ्या हाती उरतो, आणि तो मी भरून त्यांच्या दाराशी ठेवतो. त्यातले पाणी ज्ञानाचे नसेल, पण ते पाणी आहे.

आपल्या जुन्या पत्रलेखकांना हे पुरते उमगले होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला, त्यात १७५० ते १७६१ या धामधुमीच्या काळातील पत्रे आहेत. पुढे इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. फौजा कोठे उतरल्या, खजिना किती उरला, कर्जाचा तगादा कोणाचा लागला, अशा जिवावरच्या बातम्यांनी भरलेल्या त्या काळच्या पत्रांचा रिवाज मात्र ठरलेला असे: प्रथम येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे ही विनंती, आणि मग 'विशेष' असा शब्द लिहून कामाचा मजकूर. काही अभ्यासक हा मायना केवळ उपचार म्हणून ओलांडून जातात. मला ते पटत नाही. रोज उच्चारला जाणारा मंत्रही याच अर्थाने उपचार असतो. ज्या माणसाला आपल्या फौजेची उद्याची शाश्वती नाही तो आधी दुसऱ्याचे कुशल विचारतो आणि कामाला दुसरे स्थान देतो, यात मनुष्यव्यवहाराचा एक क्रम सांगितला गेला आहे. आमच्या नऊ जणांच्या लेखनात बहुधा 'विशेष' काहीच नसते. सारे पत्र कुशलातच संपते.

मराठी गद्याचा आरंभच अशा कुशलवार्तेतून झाला आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे गावोगाव जाऊन, त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. त्यात तत्त्वज्ञान आहेच. पण कोणत्या देवळात मुक्काम पडला, जेवायला काय होते, कोणी कोणता भाबडा प्रश्न विचारला आणि स्वामी त्यावर काय म्हणाले, हेही त्याच आदराने टिपलेले आहे. पुढे केशोबासांनी स्वामींची वचने निराळी काढून सूत्रपाठ रचला, आणि पंथाच्या दृष्टीने ते कार्य फार मोलाचे झाले. तथापि सूत्रे वाचून स्वामींचा सिद्धान्त कळतो, लीळा वाचून स्वामी भेटतात. म्हाइंभटांनी आपल्या पायपिटीत केवळ सिद्धान्तच वेचला असता आणि बाकीचे गप्पा म्हणून टाकून दिले असते, तर मराठी वाङ्मय किती दरिद्री झाले असते!

संगीताची गोष्ट राहिली. गवय्यांचा 'आलाप' आणि भिक्षूंना वर्ज्य असलेला 'प्रलाप' हे दोन्ही शब्द एकाच 'लप्' धातूचे, म्हणजे बोलणे या क्रियेचे. संस्कृतात आलाप म्हणजे संभाषण. गवई आलाप करतो तेव्हा त्याला काही सांगायचे नसते. धृपदियाची नोम्-तोम् ही अक्षरे तर कोणत्याच वाक्यात बसत नाहीत. तरीही षड्जापासून पंचमापर्यंत तो कसा गेला, कोठे थांबला, कोणता स्वर पुन्हा चाचपला, यातून राग उभा राहतो. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात, जेथे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून विसावले आहेत आणि जेथे त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गवई हजेरी लावतात, तेथे एका रात्री बसलो असताना मला प्रथम जाणवले, की आम्हीही सात वर्षे शब्द बाजूस ठेवून एकमेकांचा स्वर ओळखायलाच शिकत होतो.

चहाडी मात्र आम्ही आत येऊ दिली नाही. तसा प्रसंग एकदोनदा आला, आणि इंदूरच्या गृहस्थांनी तो तेथल्या तेथे थांबवला. राजकारणाचा वादही एका संध्याकाळीच आटोपला. पोट्ठपाद सुत्तातील ती यादी राजांपासून, चोरांपासून आणि युद्धांपासून सुरू होते, हे काही अकारण नाही.

गेल्या आषाढात बेळगावच्या मित्राची पत्नी गेली. तेरा दिवस त्यांची एकही ओळ आली नाही. चौदाव्या रात्री त्यांनी लिहिले, "दूध तापवून निवत ठेवले आहे. विरजण किती घालतात?" बेचाळीस वर्षे ते काम त्या बाई करीत आल्या होत्या. त्या रात्री आमच्यापैकी कोणीही आत्म्याच्या अमरत्वाविषयी लिहिले नाही. आठही जणांनी विरजणाविषयी लिहिले. म्हापशाच्या थोरल्या बहिणीने दूध किती कोमट असावे ते बोटाच्या अंदाजाने समजावून सांगितले. धाकटीने पावसाळ्यात भांडे कशात गुंडाळून ठेवावे ते सांगितले. न्यू जर्सीच्या बाईंनी, तिकडच्या थंडीत दही लागत नाही म्हणून त्या भांडे दिवा लावलेल्या बंद भट्टीत ठेवतात, असे कळवले. मध्यरात्र उलटून गेली तरी ते बोलणे चालू होते. अन्नकथेच्या सदरात ते निःसंशय मोडेल. त्याला व्यर्थ म्हणायला मात्र मी तयार नाही.

हे सारे मी दादांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण आपले मत बदलल्याचे ते काही बोलले नाहीत, आणि सोमवारचे मौनही पूर्ववत चालू आहे. परवा मंगळवारी सकाळी ते स्नान करून आले आणि मौन सुटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बेळगावच्या त्या गृहस्थांचे दही आता नीट लागते का? लागते, असे मी सांगितले.