कौतुकाचं घर

पुतणी सीएची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली त्या दिवशी समोरच्या भाभीजी पदराला हात पुसत आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, ‘‘माँजी, आज तो आपको गर्व होना चाहिए।’’ सासूबाई दचकल्या. ‘‘गर्व कशाला, बाई? गर्वाचं घर खाली!’’ मग समजूत घालावी म्हणून आपल्या हिंदीत म्हणाल्या, ‘‘गर्व नहीं, हमें तो अभिमान है।’’ आता दचकायची पाळी भाभीजींची होती.

इंदूरच्या सुदामा नगरात मराठी आणि हिंदी घरं भिंतीला भिंत लावून राहतात. अन्नपूर्णा मंदिराकडून फूटी कोठीकडे जाताना एका ओट्यावरून मराठी ऐकू येते, तर दुसऱ्यावरून माळवी वळणाची हिंदी. दोन्हीकडे शब्द तेच, पण अर्थांनी जागा बदललेल्या. हिंदीत गर्व उजळ माथ्यानं मिरवतात आणि अभिमान हा अहंकाराचा सख्खा भाऊ मानतात. मराठीत अभिमान बाळगायचा असतो आणि गर्व उतरवायचा असतो. त्या दिवशी दोघी एकच गोष्ट सांगत होत्या आणि दोघींना एकमेकींचं बोलणं गैर वाटत होतं.

हृषीकेश मुखर्जींचा ‘अभिमान’ १९७३ साली आला. नाव ऐकून मला वाटायचं, गायक नवऱ्याला आपल्या गाणाऱ्या बायकोचा अभिमान वाटतो, अशी ही गोष्ट असणार. सिनेमा पाहिला तेव्हा हिंदी अर्थ समजला. बायकोनं आपल्याबरोबर गावं हा आग्रह नवऱ्याचाच. पण लोकांना तिचं गाणं जास्त आवडू लागतं आणि तेच त्याला सोसवत नाही. पडद्यावर तिच्या ओठी लता मंगेशकरांचा आवाज आहे आणि लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, आमच्या इंदूरचाच. आज मला वाटतं, त्या एका नवऱ्यात दोन्ही भाषांमधला अर्थ आहे. बायको शेजारी उभी राहून गाते तोवर त्याचा अभिमान मराठी असतो. ती एक पाऊल पुढे गेली की तो हिंदी होतो.

घरातल्या मुलीबद्दल आपल्याला जे वाटतं, त्यातही हा धोका असतोच. ‘आमची’ या शब्दावर जोर पडला की तिचं यश आपली इभ्रत होतं आणि तिचं अपयश आपली नाचक्की. म्हणून मला तिसरा शब्द जवळचा वाटतो : कौतुक. संस्कृतात आणि हिंदीत या शब्दाच्या मुळाशी कुतूहल आहे, नवल आहे. मराठीनं त्यात माया मिसळली. ज्याचं कौतुक करायचं त्याच्याकडे आधी नवलानं पाहावं लागतं. ‘ही आपल्याहून वेगळी आहे, हिला काय जमतं ते पाहू या,’ असं म्हणावं लागतं. आणि असं म्हटलं की मग तिच्या हाती काहीतरी सोपवावंही लागतं.

हे सोपवणं इंदूरला नवं नाही. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव होळकर पडले, तेव्हा त्यांचे वडील मल्हारराव यांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही. अहिल्याबाई वाचल्या, एवढंच आपण सांगत आलो. मला पुढचा भाग अधिक मोठा वाटतो. १७६५ सालच्या एका पत्रात मल्हारराव त्यांना तोफखाना आणि दारूगोळ्याच्या बंदोबस्ताबद्दल सूचना देतात. ही सुनेची स्तुती करणारी चिठ्ठी नव्हे. कामाचं पत्र आहे. तोफांची जबाबदारी एका विधवा सुनेवर टाकताना सासऱ्याला तिच्याविषयी किती खात्री असेल! मल्हारराव १७६६ला गेले, पाठोपाठ अहिल्याबाईंचे पुत्र मालेरावही गेले आणि १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं त्या माउलीनं राज्य सांभाळलं. राजवाड्यापुढच्या त्यांच्या पुतळ्याला आपण हार घालतो, तेव्हा त्या पत्राचीही आठवण हवी.

उलट उदाहरणही याच गावचं आहे. इंदूरच्या संध्या अग्रवाल यांनी १९८६ साली वूस्टरला इंग्लंडविरुद्ध कसोटीत १९० धावा काढल्या. बेटी स्नोबॉल यांचा महिला कसोटीतला १८९ धावांचा विक्रम १९३५पासून अबाधित होता, तो मोडला. कसोटीत पन्नासच्या वर सरासरी असलेली ही फलंदाज आमच्या शहरात राहत होती. पण आमच्या पिढीतल्या किती मुलींना ते नाव शाळेत असताना माहीत होतं? महिला क्रिकेट नियामक मंडळाकडे आलं २००६ साली आणि सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं ते २०२२ साली. ज्यांनी त्याआधीच मैदान तयार केलं, त्यांच्या कौतुकाची बाकी अजून आपल्याकडे आहे.

२०२५च्या दिवाळीत महिला विश्वचषकाचे सामने आमच्या होळकर स्टेडियमवर आले. १९ ऑक्टोबरला, अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री, भारत इंग्लंडशी खेळला. २८९ धावांचं लक्ष्य होतं. स्मृती मानधनानं ८८ केल्या, हरमनप्रीतनं ७०, दीप्तीनं ५०. आणि भारत चार धावांनी हरला. लागोपाठ तिसरा पराभव. आमच्या गल्लीत रात्री साडेदहाला अशी शांतता होती की आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांची सळसळ ऐकू यावी.

त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघातून वगळलं होतं. अकरा दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, नवी मुंबईत उपांत्य सामन्यात तिनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या आणि २ नोव्हेंबरला भारत विश्वविजेता झाला. त्या खेळीनंतर ती जे बोलली ते मला खेळीपेक्षाही मोलाचं वाटतं. मन अस्वस्थ होतं, आईला फोन करून रडायचे, असं तिनं उघडपणे सांगितलं. ती रडायची तेव्हा अरुंधती रेड्डी जवळ बसायची. नेटमध्ये सराव करताना स्मृती फारसं न बोलता नुसती उभी राहायची, कारण आपल्या असण्यानं हिला बळ येतं हे तिला कळत होतं. मैत्रीतलं कौतुक याहून वेगळं काय असतं? धावा निघण्याआधी ते पोहोचलेलं होतं.

त्याच दिवाळीतली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू इंदूरच्या रस्त्यावरून कॅफेकडे पायी निघाल्या होत्या आणि मोटारसायकलवरच्या एका माणसानं त्यांची छेड काढली. आरोपी पकडला गेला. पण ‘त्यांनी न सांगता बाहेर पडायला नको होतं,’ असेही सूर उमटले. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येणारं हे शहर, आणि दोन तरुणींना चार पावलं निर्धास्त चालता आली नाहीत! आदल्याच दिवशी याच शहरात त्यांच्या खेळाला टाळ्या पडल्या होत्या. ज्या मुलीसाठी टाळी वाजवायची तिला रस्ता द्यायचा नाही, तर ती टाळी खोटी ठरते. ‘तू जपून जा’ हे वाक्य प्रत्येक घर मुलीला ऐकवतं. ‘तू नीट वाग’ हे मुलाला ऐकवणारी घरं वाढली पाहिजेत. मुलींचं कौतुक करायचं तर मुलांच्या वळणाची जबाबदारीही त्यातच आली.

मला रोज दिसणारा आनंद लहान आहे. पहाटे पावणेसहाला भंवरकुआँच्या क्लासला निघालेली मुलगी, तिच्यासाठी मोपेडचं कुलूप काढून ठेवणारा भाऊ, उशिरा येणाऱ्या सुनेचं ताट झाकून ठेवणारी सासू, मैत्रिणीच्या मुलाखतीसाठी स्वतःची साडी इस्त्री करून देणारी मैत्रीण. या कुणाचा सत्कार होत नाही. पण मुली पुढे जातात त्या या हातांच्या आधारानं.

आमच्या वस्तीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो सुदामा मित्राच्या महालात आपली पोह्यांची पुरचुंडी लपवत होता. कृष्णानं ती ओढून घेतली आणि आवडीनं खाल्ली. जे दाखवायची लाज वाटते तेच मित्रानं प्रेमानं मागून घ्यावं, यापरतं कौतुक नाही.

पुतणीच्या निकालापाशी परत येते. ती तिसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. दुसऱ्यांदा नापास झाली त्या सकाळी तिनं खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि आम्ही फोन उचलत नव्हतो. तेव्हाही भाभीजी आल्या होत्या. हातात पोह्यांची ताटली, वर शेव आणि जिरावण. त्यांनी निकाल विचारला नाही, समजूत घातली नाही. दारावर टकटक केलं, ‘‘गरम है, बेटा’’ एवढंच म्हणाल्या आणि उंबऱ्याशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दोघींनी एकाच ताटलीत पोहे खाल्ले.

गर्व की अभिमान, हा प्रश्न त्या सकाळी कुणाला पडलाच नव्हता.