मुदत संपल्यावर काय कळते?

म्यूटेक्स हा लॉक एका वेळी एकाच थ्रेडला सामायिक माहितीला हात लावू देतो, बाकीच्यांनी थांबायचे. किती वेळ थांबायचे, याचे उत्तर साध्या लॉकपाशी नसते. जावाच्या ‘ट्रायलॉक’ला मात्र मुदत देता येते: ५०० मिलिसेकंदांत लॉक मिळाला तर ठीक, नाही तर नकार घेऊन परत. इथे ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न उभा राहतो. लॉक मिळाला नाही, यावरून नेमके काय कळले?

‘डेडलॉक झाला’ हे घाईचे उत्तर आहे. एका थ्रेडने पहिला लॉक धरून दुसऱ्या लॉकची वाट पाहावी आणि दुसऱ्या थ्रेडने नेमके उलटे करावे, ही कोंडी खरी असू शकते. पण लॉक धरलेला थ्रेड संथ डिस्कपाशी खोळंबला असेल, किंवा त्याच्या वाट्याला प्रोसेसरच आला नसेल, तरी बाहेर दिसणारा नकार अगदी तोच असतो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात: वस्तू न आढळणे हेच तिच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन. मात्र त्यांची अट कडक आहे. वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी, तीच योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही. नैयायिक हे वेगळे प्रमाण नाकारतात, अभाव प्रत्यक्षानेच कळतो म्हणतात. पण योग्यतेची अट त्यांनाही सोडवत नाही.

टाइमआउटला हीच कसोटी लावली पाहिजे. लॉक मिळायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल याची हमी असेल, तर तिच्यापलीकडे गेलेली मुदत काहीतरी बिघडल्याचा खरा पुरावा ठरते. काटेकोर रिअल-टाइम प्रणालींत ही कमाल मर्यादा आधी काढून ठेवतात. सर्वसाधारण सर्व्हरवर ती नसते. तिथे संपलेली मुदत समोरच्या थ्रेडविषयी काहीच सिद्ध करत नाही. आपण आणखी थांबायचे नाही, एवढेच ठरते.

हे ठरवणेही अर्धवट करून चालत नाही. डेडलॉकच्या चार अटी कॉफमन व सहकाऱ्यांनी १९७१ साली मांडल्या. त्यांपैकी एक म्हणजे हातातले न सोडता पुढच्याची वाट पाहणे. म्हणून नकार आल्यावर पहिला लॉकही सोडला तरच कोंडी फुटते. जो मिळालाच नाही तो लॉक सोडू पाहिला, तर जावा एक्सेप्शन फेकते. दोन्ही थ्रेड एकाच लयीत धरू-सोडू लागले तर हालचाल चालू राहते आणि काम मात्र होत नाही. ते टाळायला पुन्हा प्रयत्न करण्याआधी प्रत्येकाने कमीजास्त, यादृच्छिक वेळ थांबायचे असते.