चार हात पुढची नजर

जयपूरच्या मोती डुंगरी गणेश मंदिरासमोर बुधवारी गाड्यांची रांग लागते. शोरूममधून नुकतीच बाहेर पडलेली गाडी घरी नेण्याआधी इथे आणायची, बॉनेटवर स्वस्तिक काढून घ्यायचे, मोळी, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधायची, नारळ वाढवायचा आणि मगच किल्ली आपली म्हणायची, अशी या शहराची रीत आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालणाऱ्या मराठी माणसाला ती परकी वाटत नाही. दोन्हीकडे मागणे एकच असते: वाटेत विघ्न येऊ नये. पण वाटेत येणारे विघ्न म्हणजे नेमके कोण? समोरून येणारा ट्रक, की स्टीअरिंगमागे बसलेला माणूस स्वतः?

वेगाचा नाद असलेल्या तरुणाला हा प्रश्न पूजेच्या दिवशी पडत नाही. तो पडतो वर्ष-दोन वर्षांनी, जेव्हा ब्रेकवर पैसे खर्च करायची वेळ येते. समजा, त्याच्याकडे चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे: दीड लिटरचे टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आठवडाभर ही गाडी त्रिपोलिया बाजार ते मालवीय नगर अशी धावते. वर्षातून दोन-तीनदा तीच गाडी घेऊन तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जातो. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. ५.१२५ किलोमीटरच्या त्या वाटेवर एक किलोमीटरहून लांब असा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला एकदम वळण. ब्रेकची खरी परीक्षा तिथे होते.

तिथे काय घडते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. चालकासह तेराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा असते. साध्या तापमानाचे दीड लिटरहून जास्त पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ट्रॅकवर १८० वरून ७० वर येताना तीन-चार सेकंदांत जवळजवळ चौदा लाख ज्यूल बाहेर टाकावे लागतात, म्हणजे चार लिटरहून जास्त पाण्याची उकळी. यातला थोडा वाटा हवा आणि इंजिन उचलतात, बाकी सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ड्रम पोटात घेतात. पुढची फेरी आली की पुन्हा तेच. गावातल्या गाडीला दोन ब्रेकांच्या मध्ये विसावा मिळतो, ट्रॅकवरच्या गाडीला तो मिळत नाही.

ब्रेक दगा देतो तो इथे, आणि दोन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत पॅडमधला बांधणारा पदार्थ तापून त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कमधली पकड सुटते. पेडल घट्टच असते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या तऱ्हेत ब्रेक ऑइल उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल जमिनीला टेकते आणि पायाखाली काहीच उरत नाही. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेते. ओल मुरलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे दोन पावसाळे पाहिलेले ऑइल तसेच ठेवून जो पॅड डिस्कवर दाबणारे लाल रंगाचे मोठे कॅलिपर बसवतो, त्याने घराला दार नवे लावले आणि कडी मोडकीच ठेवली.

जाणता मिस्त्री क्रम सांगतो तो असा: आधी ताजे, वरच्या प्रतीचे ऑइल, मग पॅड, मग टायर, मग डिस्कपर्यंत वारा पोचण्याची सोय, आणि मोठ्या डिस्क-कॅलिपरचा विचार सगळ्यांत शेवटी. कारण साधे आहे. रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस थरथरू लागले, म्हणजे ब्रेकने आपले काम पूर्ण केले. आता गाडी किती लवकर थांबेल हे टायरच्या हातात. सहा पिस्टनचे कॅलिपर पहिला थांबा आखूड करत नाही. विसाव्या वेळचा थांबाही पहिल्यासारखाच लागावा, यासाठी ते असते. शिवाय कायदाही आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांवर बोट ठेवले. मोठे कॅलिपर बसवण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारलेले बरे.

एवढ्याने यंत्राचा प्रश्न सुटतो. माणसाचा सुटत नाही.

१९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात टॅक्सींवर एक प्रयोग झाला. एकाच ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस बसवले, काहींना नाही. चांगले ब्रेक असलेल्या टॅक्सींचे अपघात कमी व्हावेत ही अपेक्षा होती. ते कमी झाले नाहीत. गाडीत बसून पाहणी करणाऱ्यांना ब्रेक कोणते आहेत हे सांगितलेले नव्हते, तरी त्यांच्या नोंदींतून दिसले की एबीएसवाले चालक जास्त धीट झाले होते. यंत्राने जी सुरक्षा दिली होती, ती माणसाने वेगात खर्च केली. गेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाने यावर सिद्धांतच मांडला: प्रत्येक माणूस मनाशी धोक्याची एक पातळी धरून असतो, आणि धोका कमी झाला की स्वतःच तो पुन्हा त्या पातळीवर नेतो. हा सिद्धांत सगळ्यांना मान्य नाही, सीटबेल्टने वाचलेले असंख्य जीव त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. पण टॅक्सीवाल्यांची गोष्ट प्रत्येक चालकाला आतून ओळखीची वाटते.

इथे प्रश्न जुना होतो, गाडीपेक्षा कितीतरी जुना. संयमाचे साधन हाती आले की माणूस संयमी होतो, की त्या साधनाच्या भरवशावर अधिक बेफाम होतो? कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. त्या रूपकात घोड्यांच्या ताकदीची निंदा नाही. मरतुकडे घोडे जुंपा असे तिथे कुणी म्हणत नाही. पण लगाम कितीही मजबूत असला तरी तो सारथ्याची जागा घेत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. ब्रेक हा लगाम आहे. पैसे देऊन मिळतो तो तेवढाच.

जयपूरमध्ये या प्रश्नाला आणखी नेमके उत्तर मिळते, आणि ते जैन परंपरेत आहे. हे शहर अठराव्या शतकापासून जैन विचाराचे मोठे केंद्र. ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ लिहिणारे पंडित टोडरमल इथलेच. जैन तत्त्वज्ञानात ‘संवर’ हे एक मूळ तत्त्व आहे. आत्म्याकडे वाहत येणारे कर्म अडवणे, म्हणजे संवर. शब्दाच्या मुळातच थांबवणे आहे. तो साधायचा कसा, याची जी साधने सांगितली आहेत त्यांत पाच समित्या, म्हणजे सावधपणे वागण्याचे पाच नियम, येतात, आणि त्यांतली पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालण्यातली सावधानता. साधूने जुवाएवढी, साधारण चार हात पुढची जमीन पाहत चालावे, कुठलाही जीव पायाखाली येऊ नये.

या नियमाचे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. पायी चालणारा माणूस अर्ध्या पावलात थांबू शकतो, त्याला चार हात पुरतात. थांबायला लागणारे अंतर नजरेच्या अंतराहून नेहमी कमी असावे, हा त्या नियमाचा गाभा. आता तोच नियम गाडीला लावून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगात चालकाला संकट उमगून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर उत्तम टायर आणि उत्तम ब्रेक असले तरी आणखी ४० मीटर. एकूण ६८ मीटर, म्हणजे दीडशे हात. रात्री डिपरवर उजेड पडतो तो साधारण चाळीस-पन्नास मीटर. याचा अर्थ, डिपरवर शंभरने जाणारा चालक ज्या जमिनीवर थांबणार आहे ती जमीन त्याने पाहिलेलीच नसते. बाजारातला सर्वांत महाग ब्रेक लावला तरी पहिले २८ मीटर एका इंचानेही कमी होत नाहीत. ते चालकाच्या चित्ताचे मीटर आहेत.

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गणित नुसते कागदावर राहत नाही. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षभर पायी विहार करतात. सूर्य उगवल्यावर रस्त्याच्या कडेने पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वी निघतात, हातात जीव हलकेच बाजूला सारण्यासाठी लोकरीचा ओघा, नजर खाली. विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहतात. मुंगी चिरडू नये म्हणून चार हात पाहत चालणारी व्यक्ती जाते ती, ज्याने दीडशे हात पाहायला हवे होते आणि पाहिले नाहीत, अशा माणसाच्या चाकाखाली. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती.

म्हणून रस्ता आणि ट्रॅक यांतला खरा फरक तापमानाचा नाही, संमतीचा आहे. ट्रॅकवर उतरणारा हेल्मेट घालतो, कागदावर सही करतो, धोका पत्करून येतो. वळणाबाहेर मोकळी जागा राखलेली असते, झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. तिथे चूक झाली तर किंमत ती करणाऱ्याने, फार तर त्याच्यासारख्याच राजीखुशीने आलेल्याने मोजायची. जोहरी बाजारात ई-रिक्षातून उतरणाऱ्या आजीने असल्या कागदावर सही केलेली नाही. शाळेतून सुटलेल्या मुलाने नाही, गाईने नाही. त्यांच्या वतीने नियम पाळण्याची जबाबदारी चालकाची. अहिंसेचा अर्थ इथे फार सोपा आणि फार कडक आहे.

पॅडची निवड याच कसोटीवर व्हायला हवी. ट्रॅकसाठी बनवलेले कडक पॅड प्रचंड उष्णता सोसतात, पण त्यांतल्या अनेकांना नीट पकड घ्यायला आधी तापावे लागते. थंड असताना ते घसरल्यासारखे लागतात. घराच्या फाटकातून निघाल्यावर दोनशे मीटरवर एखादे पोर चेंडूमागे धावत आले, तर तो ब्रेक थंडच असणार. मराठीत स्मशानवैराग्य असा एक शब्द आहे. चिता पेटलेली असेपर्यंत टिकणारी विरक्ती. फक्त धग असतानाच काम करणारा पॅड त्याच जातीचा. रोजच्या संसाराला थंडपणीही धरणारा संयम लागतो. उलट, रस्त्याचा मऊ पॅड घेऊन ट्रॅकवर दहा फेऱ्या मारणे ही अहंकाराची चूक. एकच पॅड दोन्हीकडे चालेल, ही अपेक्षाच सोडावी.

जागा आणि वेळ पाहून संयम निवडणे धर्मशास्त्राला नवे नाही. सवाई जयसिंहांच्या दरबारात मानाचे स्थान असलेल्या मराठी मुळाच्या रत्नाकर पौंडरीकांनी १७१३ मध्ये ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा ग्रंथ सिद्ध केला. जयपूर वसण्याच्याही चौदा वर्षे आधीची ही गोष्ट. कोणते व्रत कोणत्या तिथीला, याचा विचार हा असल्या ग्रंथांचा मुख्य विषय. व्रत मोठे की छोटे, याआधी ते कोणत्या वेळेचे हे पाहिले जाते. एकादशीचा उपास रोज करायचा नसतो, आणि आजाऱ्यावर तो लादायचा नसतो. ट्रॅकचा पॅड हे एका दिवसाचे व्रत आहे. ते त्या दिवशी कडकपणे पाळावे आणि दुसऱ्या दिवशी पारणे फेडावे.

जयपूरच्या नाहरगडावरून उतरतानाही हाच विवेक लागतो. किल्ल्याची वाट चढणीची, वळणांची, एका बाजूला दरी. खाली उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की साध्या गाडीचेही पॅड तापतात. खंडाळ्याच्या घाटातले जुने ड्रायव्हर नव्या पोरांना शिकवत आले, की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. वेग मुळातच वाढू न देणे हा पहिला संयम, वाढलेला वेग मारणे हा दुसरा. पहिला जमला तर दुसऱ्यावर भार कमी येतो. त्याला पैसेही पडत नाहीत.

तेव्हा या गाडीवाल्यासाठी निवाडा असा. ऑइल दरवर्षी बदलावे, आणि ट्रॅकवर जाण्याआधी पुन्हा. टायरवर हात आखडू नये. रोजच्या वापरासाठी पहिल्या दाबालाच धरणारे पॅड ठेवावेत, ट्रॅकचे पॅड वेगळे घ्यावेत आणि ते डिकीतून न्यावेत. पैसे उरले तर ते मोठ्या कॅलिपरवर न घालता ट्रॅकवर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला द्यावेत, कारण सारथी तयार करण्याचे काम तोच करतो.

आणि एक विनंती. संध्याकाळी सर्किटचे फाटक बंद होते, अंग शिणलेले असते, कानात अजून इंजिन घुमत असते आणि जयपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर असते. त्या घटकेला, गाडी थंड होऊ देऊन, पिटमध्येच रस्त्याचे पॅड परत बसवावेत. सराईत हाताला तासभर लागतो. सकाळी अजमेर रस्त्यावर जे पायी निघणार आहेत, त्यांच्यासाठी तो तास द्यावा.