कोरडी विहीर

प्रार्थनेला बसावें आणि अंतःकरणांत कांहींच उमटूं नये, असे दिवस श्रद्धाळू माणसाच्या वांट्यालाहि येतात. शब्द ओठांवर असतात. त्यांच्यामागें ओलावा नसतो. अशा वेळीं प्रामाणिक मनुष्यापुढें प्रश्न उभा राहतो, कीं जें वाटत नाहीं तें देवापुढें बोलणें हा दंभ नव्हे काय? त्यापेक्षां मुकाट्यानें उठून जाणें अधिक सचोटीचें नव्हे काय?

आव्हिलाची तेरेसा (१५१५-१५८२) ही मठवासिनी स्पेनमधील कास्तीलच्या उंच, रुक्ष पठारावर वाढली. पाण्याची किंमत तिला पुस्तकांतून शिकावी लागली नसावी. १५६५ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आत्मचरित्रांत ती आत्म्याला बागेची उपमा देते आणि त्या बागेस पाणी मिळण्याचे चार प्रकार सांगते: विहिरींतून पोहऱ्यानें शेंदणें, रहाटानें काढणें, ओढ्याचें पाणी खेळविणें, आणि पाऊस. पहिल्यांत श्रम माणसाचे. शेवटच्यांत सारें देवाचें. आपल्याकडील कोणत्याहि बागाइतदाराला हें भाष्यावांचून समजेल.

पण पोहरा सोडला आणि विहीरच कोरडी निघाली तर? तेरेसा म्हणते, माळ्यानें आपलें काम सोडूं नये. ज्याची बाग आहे तो पाण्यावांचूनहि फुलें जगवील. येथें पाणी म्हणजे अश्रु, गहिंवर, भक्तीची गोडी. हें लिहिणारी बाई स्वतः कित्येक वर्षें प्रार्थनेचा तास संपल्याचे ठोके केव्हां पडतात इकडे कान लावून बसत असे, आणि प्रभुभोजनानंतरची वेळ सोडली तर अठरा वर्षें हातीं पुस्तक असल्यावांचून प्रार्थनेला बसण्याचें धैर्य तिला होत नसे. तिनेंच तसें नमूद केलें आहे. संतचरित्रांतील असलीं पानें आपण फार घाईनें उलटतों.

दंभ म्हणजे नसलेला भाव दुसऱ्यास दाखविणें. परंतु बंद खोलींत, अंतःकरण जाणणाऱ्यापुढें, 'आज मजजवळ कांहीं नाहीं' एवढेंच म्हणणारा कोणाला फसवितो? आजारी आईच्या उशाशीं बसणाऱ्या मुलाला रोज उमाळा येतो असें नाहीं. तो वेळेवर औषध देतो, कूस बदलवितो. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाहीं. स्वतःचे शब्द आटले असतां उसने घेण्यांतहि कमीपणा नाहीं. क्रुसावरील येशूच्या मुखांतून परित्यक्ततेचा जो उद्गार निघाला, तो कित्येक शतकें जुन्या बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होता.

तथापि प्रत्येक कोरडेपणा ही ईश्वरी कसोटीच, असें मानण्यांत आत्मवंचना संभवते. डोंगरावरील प्रवचनांत येशू सांगतो, कीं अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं दुखावलेल्या भावाकडे जावें. कधीं कधीं विहीर आटलेली नसते. आपणच तिच्या तोंडावर शिळा लोटलेली असते. माझ्या एका शुष्क उन्हाळ्याचें मूळ थोरल्या बंधूंना न लिहिलेल्या पत्रांत होतें, आणि हें उमगण्यास मला चार महिने लागले. पत्र लिहिलें, त्यांचें उत्तरहि आलें. गोडी मात्र लागलीच परतली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे मी पुन्हां त्याच जागीं बसलों, तेरेसेप्रमाणें पुस्तक उघडून.